अकरावं भोक

ओरडून सांगते, गच्चीवर उभं राहून सांगायला लावलंत तरी सांगेन, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझे सगळे दात पडू देत. असं म्हातारं माणूस शपथेवर सांगतंय म्हटल्यावर गप्प बसून ऐकावं. त्यांच्या घरातलं तुला गं काय ठाऊक, असं मधेच विचारू नका. ठाऊक आहे. कसं, ते येईल ओघात.

तर काटेसाहेब. हे त्यांचं आडनाव नव्हे. जन्म गेला वजनमाप खात्यात. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजूचा काटा डोळ्यांसमोर धरायचा, तो केसभर हलला तरी दुकानदाराला घाम फोडायचा. नाव दुकानदारांनीच ठेवलेलं, आणि निवृत्तीच्या वेळी दिलेल्या घड्याळावरसुद्धा कोरून दिलेलं. घरात आता ते घड्याळ आणि काटेसाहेब, एवढाच संसार. बायको निवृत्तीच्या आधीच गेली. मुलगी लग्न होऊन लांब.

शेजारच्या घराची बेल आणि यांची बेल एकाच आवाजाची. शेजारी बेल वाजली की हे "आलो, आलो" करत उठायचे, चष्मा शोधायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि दार उघडायचे. समोर कुणाची तरी पाठ. मग उगाच पायपुसणं झटकून आत. एकदा एक राँग नंबर आला. त्या माणसाला गॅसचं दुकान हवं होतं. काटेसाहेबांनी त्याला सिलिंडर आल्या आल्या तोलून कसा घ्यावा हे इतकं बैजवार समजावलं, की तो बिचारा शेवटी म्हणाला, "काका, आता ठेवू का?" फोन ठेवून काटेसाहेब घड्याळाला म्हणाले, "सज्जन वाटला."

मुलगी रविवारी फोन करायची. "बाबा, छंद लावून घ्या काहीतरी. चार माणसांत जा."

"कुठली चार?"

"कुठलीही चार, बाबा."

ती चार माणसं शोधायला हा मनुष्य बाहेर पडला. दुसरा कुणी असता तर बागेतल्या बाकावर गेला असता, पत्ते कुटायला गेला असता. हे बाजारामागच्या गल्लीतून जात होते आणि तिथे एका फाटकावर पाटी दिसली, 'निशाणबाजी मंडळ. नवीन सभासदांचे स्वागत आहे.' स्वागत हा शब्द काटेसाहेबांच्या वाट्याला आयुष्यात कधी आला नव्हता. वजनमापवाला आला म्हटलं की लोक शटर ओढत. त्यांनी पाटी परत एकदा वाचली आणि आत शिरले. म्हणजे बघा, माणसांची सोबत हवी म्हणून त्यांनी खेळ कुठला निवडला, तर ज्यात कानांना जाड मफ लावून, ओठ मिटून, भिंतीकडे तोंड करून एकट्याने उभं राहायचं असतं.

पण पहिल्या दिवशी ते कळलं नाही, कारण पहिल्या दिवशी त्यांनी एक प्रश्न विचारला. बाकावर मंडळाचे दोन जुने सभासद बसले होते, एक बँकेचे निवृत्त कॅशियर, दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक, म्हणजे केमिस्ट. काटेसाहेबांनी गोळीच्या जाडीचं आपलं साधं विचारलं, "पिस्तूल घ्यायचं तर कुठल्या कॅलिबरचं घ्यावं हो?"

झालं. दोघे असे सरसावले की बाक कुरकुरला.

"टू-टू," कॅशियर म्हणाले. "डोळे मिटून टू-टू. गोळी बारीक, धक्का नाही, आवाज माफक. हात थकत नाही. निशाण शिकायचं असेल तर दुसरं नावच घेऊ नका."

"डोळे मिटून निशाण कसं शिकतील?" केमिस्ट म्हणाले. "साहेब, थ्री-टू घ्या. डोस कसा, मधला असावा. शिवाय थ्री-टूचं भोक मोठं. निशाणाच्या कार्डावर वरच्या गुणाच्या रेषेला नुसतं टेकलं तरी वरचा गुण मिळतो."

"नेम बारीक असला की भोक मोठं लागतं," कॅशियर म्हणाले.

"आणि मन बारीक असलं की गोळी बारीक लागते," केमिस्ट म्हणाले.

काटेसाहेबांना चहा आला. बिस्कीट आलं. दोघांनी एकेका खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या खांद्यावर हात कुणी शेवटचा कधी ठेवला होता ते त्यांना आठवेना.

त्या मंडळात एक रीत होती. ज्याचं कॅलिबर ठरलेलं नाही तो कच्चं लिंबू. पोरांच्या खेळात धाकट्याला घेतात ना, आउट झाला तरी आउट धरत नाहीत, तसं. कच्च्या लिंबाने जो तो सभासद आपलं पिस्तूल हातात देईल ते, कोचसरांच्या नजरेखाली, झाडून बघायचं. गोळ्या पिस्तूलवाल्याच्या, चहा पिस्तूलवाल्याचा, आणि उपदेश तर विचारूच नका. एकदा ठरलं की मात्र तो पक्का. पक्क्याला स्वतःची लेन, स्वतःचे मफ, आणि मग त्याला कुणी काही सांगायचं नाही. खेळणाऱ्याचं चित्त ढळवणं हे मंडळात महापाप.

काटेसाहेब हुशार. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण जोवर ठरवत नाही तोवर आपल्याला चार माणसं आहेत.

मग त्यांनी न ठरवण्याचा सपाटा लावला. घरून तागडी आणली आणि प्रत्येक पिस्तूल तोललं. भरलेलं नव्हे, रिकामं, कोचसरांनी डोळ्यांदेखत रिकामं करून दिलेलं. मनगटाची जाडी मोजली, सकाळची वेगळी आणि संध्याकाळची वेगळी. एके दिवशी टू-टूकडे झुकले की कॅशियर त्यांना घरापर्यंत सोडायला येत. दुसऱ्या दिवशी म्हणत, "पण मधल्या डोसाचंही मला पटतंय." की केमिस्ट खोकल्याच्या गोळ्यांची पट्टी खिशात घालत. खोकला नसताना.

शेजाऱ्यांपर्यंत ही बातमी गेली. शेजारी विजेची कामं करणारे, त्यांना कुठल्याही गोष्टीत जास्त दाबाचं ते चांगलं वाटे. बेल वाजली. काटेसाहेब उठले, बटण लावलं, दार उघडलं, आणि काय आश्चर्य, या वेळी समोर पाठ नव्हती, तोंड होतं.

"नाइन एमएम घ्या काका," शेजारी म्हणाले. "एकदाच घ्यायचंय तर कमी कशाला घ्यायचं?"

"मला कागदावर मारायचंय."

"कागदालाही कळलं पाहिजे."

आता शेजारी पहिल्यांदा आपण होऊन घरी आलेला माणूस. त्याचा शब्द मोडवेना. मंडळाच्या मालकीचं एक नाइन एमएम होतं. कोचसर फार मोठ्या आवाजाचे, सारखे मफ लावून असल्यामुळे कुजबुजही ओरडून करत. ते ओरडले, "कोपर सैल ठेवू नका." काटेसाहेबांनी ठेवलं. मनगट छताकडे गेलं, चष्मा कपाळावर गेला, आणि वरची कवळी तोंडातून निघाली ती मधली फळी ओलांडून पाच नंबरच्या लेनमध्ये गोळ्यांच्या उघड्या डबीत जाऊन पडली. हसू नका, शपथ घेतलेय मी.

पाच नंबरवर दातांच्या डॉक्टरीणबाई नेम धरून उभ्या होत्या. कुणाशी न बोलणाऱ्या, दर गुरुवारी येऊन आपल्या टू-टूने दहा गोळ्या मारून जाणाऱ्या. त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं, मफ काढले, रुमालाने कवळी उचलली, उजेडात धरून पाहिली आणि फळीवरून परत दिली.

"सैल आहे," बाई म्हणाल्या. "उजवीकडून फार चावता."

मफ घातले आणि परत नेम धरला. काटेसाहेब तोंडावर हात ठेवून "उपकार आहेत" म्हणाले, पण कवळीशिवाय आणि मफांपलीकडे ते काय पोचणार. घरी जाऊन त्यांनी दोन दिवस डावीकडून चावून पाहिलं.

इकडे परवाना कचेरीत अर्ज अडकलेला. अर्जात कॅलिबरचा रकाना होता.

"कॅलिबर?" कारकून विचारी.

"ठरायचंय."

"मग ठरवून या."

काटेसाहेब पुढच्या आठवड्यात पुन्हा, न ठरवता. कारकून तसा बोलायला बरा होता. एकदा त्याने सगळे प्रश्न ओळीने विचारले. पिस्तूल कशाला, तर खेळाला. या वयात, तर याच वयात सवड असते. मग त्याने चष्म्यावरून पाहिलं. "घरात कुणाशी वाद? भांडण? नियमच आहे विचारायचा."

"घरात वाद घालायला कुणी नाही," काटेसाहेब म्हणाले.

"नाही, एवढंच लिहितो."

मग शांत स्वभावाचा दाखला हवा झाला. तो शेजाऱ्याने द्यायचा. शेजाऱ्यांनी मनापासून लिहिलं, 'गृहस्थ अत्यंत शांत आहेत. त्यांच्या घरातून कधीच काही आवाज येत नाही.' कारकुनाने शाबास म्हणून शिक्का मारला. काटेसाहेब तो कागद बसमध्ये उघडून वाचत बसले आणि उतरायचा थांबा गेला.

शेवटी कारकून म्हणाला, "साहेब, महिनाअखेरीला फाइल बंद होते. मग सगळं पहिल्यापासून. आता ठरवाच." मंडळातही कुरबुर सुरू झालेली. कॅशियर म्हणाले, "इतक्या दिवसांत लोक सून निवडतात." केमिस्ट गोळ्यांची पट्टी द्यायचे थांबले. काटेसाहेबांनी हिशेब मांडला. ठरवलं नाही तर फाइल बंद, ठरवलं तर माणसं बंद.

त्याच महिन्यात, लागोपाठच्या दोन गुरुवारी, दोन गोष्टी घडल्या. पहिली केमिस्टच्या थ्री-टूने. काटेसाहेब चार नंबरच्या लेनवर उभे होते आणि डोक्यात फाइल. एक गोळी भरकटली आणि शेजारी पाच नंबरच्या कार्डावर जाऊन बसली. पाच नंबरवर दहा बारीक भोकं आणि एक ढब्बू. डॉक्टरीणबाईंनी कार्ड फळीवरून दाखवलं.

"ही तुमची."

"माफ करा."

"असू दे."

संपलं. भोकच सांगत होतं कुणाचं ते. बोलायला काही उरलंच नाही.

दुसरी घडली कॅशियरच्या टू-टूने. पुन्हा चार नंबर, पुन्हा एक गोळी शेजारी. आता मात्र पाच नंबरच्या कार्डावर अकरा भोकं आणि अकराही सारखी. यांच्या कार्डावर नऊ. कुठलं भोक कुणाचं, देव जाणे. कोचसर ओरडले, "टेबलावर बसा."

तीही मंडळाची रीत. वादाचं कार्ड असलं की दोन्ही लेनवाल्यांनी पिस्तूल ठेवून टेबलावर बसायचं, चहा घ्यायचा, आणि एकमत झाल्याशिवाय उठायचं नाही.

बसले. काटेसाहेबांनी खिशातून भिंग काढलं. जन्मभराची सवय, भिंगाशिवाय ते देवळातसुद्धा जात नसत. बाईंनी पर्समधून तो दात बघायचा दांडीचा इवलासा आरसा काढला.

"हे कडेचं माझं असणार," काटेसाहेब म्हणाले. "माझा नेम असाच आहे."

"तुमचा नेम बघितलाय मी. माझ्या कार्डाच्या कडेला लागणंही तुम्हाला जमायचं नाही. हे मधलं तुमचं. नेम चुकला म्हणूनच मधे लागलं."

"म्हणजे दहा गुणांची माझी आणि कडेची तुमची? हा तुमच्यावर अन्याय आहे."

"मग भांडा की माझ्या बाजूने."

ते भांडले. बाई त्यांच्याविरुद्ध भांडल्या. चहा निवला, दुसरा आला. भोकं संपली तसं बोलणं कवळीवर गेलं, कवळीवरून बायकोच्या हातच्या कडक टोस्टवर गेलं, तिथून सारख्या आवाजाच्या बेलवर. बेलचं त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं उलटं. दिवसभर माणसं समोर असतात, पण सगळ्यांची तोंडं उघडी आणि माझेच हात आत. विचारते, दुखतंय का? उत्तर येतं, आँ. घरी जाईस्तोवर दुसरा शब्द कानावर पडत नाही."

कोचसरांनी दिवे घालवायला घेतले तेव्हा कुठे दोघांनी कार्डावर सही केली.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत काटेसाहेब दारात हजर. "टू-टू लिहा," म्हणाले. कारकुनाने पेन खाली ठेवून हात मिळवला. "कशामुळे ठरलं शेवटी?"

"धक्का कमी," काटेसाहेब म्हणाले. "आवाज माफक."

मंडळात कॅशियरांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले. केमिस्टने दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी फाटकातून एक नवीन गृहस्थ आत आले, विचारते झाले, "कुठलं कॅलिबर घ्यावं हो?" आणि बाक कुरकुरला. दोघेही काटेसाहेबांना ओलांडून तिकडे सरसावले. चहा तिकडे गेला. बिस्कीट तिकडे गेलं. पिस्तूल मिळालं त्या दिवशी शेजाऱ्यांनी दारातूनच पाहिलं, "बारीक घेतलंत," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

काटेसाहेबांनी लेन मागितली चार नंबरची. त्या लेनवर पंख्याचा वारा येत नाही, दिवा फडफडतो, ती कुणी मागत नाही. गुरुवारी तिथे उभे राहिले, मफ चढवले. एवढी शांतता की घरची परवडली. दहा गोळ्या मारल्या. कार्डं आली. यांच्यावर नऊ, शेजारी अकरा.

"टेबल," कोचसर ओरडले.

पुढच्या गुरुवारी, नऊ आणि अकरा. त्याच्या पुढच्या गुरुवारी, तेच. गंमत अशी की त्यांच्या कार्डावरची नऊ भोकं दर आठवड्याला जवळजवळ येत चालली होती, शेवटी शेवटी तर रुपयाखाली झाकतील इतकी. अशा माणसाची दहावी गोळी मात्र नेमाने शेजारघरी जायची. नवीन आलेल्या गृहस्थांना कॅशियर हळूच सांगत, "पिस्तुलातच काहीतरी आहे." केमिस्ट म्हणत, "थ्री-टू घेतलं असतं तर आधीच उघडकीला आलं असतं."

कोचसरांना मात्र नेम कळतो. त्यांनी काटेसाहेबांना कोपऱ्यात घेतलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हा धंदा मला समजतो. हे हत्यार आहे, पत्त्यांचा डाव नाही. यापुढे तुमची एक जरी गोळी दुसऱ्याच्या कार्डावर गेली, तर लेन बंद. कायमची."

काटेसाहेबांचे कान तापले. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे काटे सरळ केलेला माणूस, आणि त्याचीच गोळी वाकडी जाते म्हणून भरसभेत बोलणी. त्यातून खरं बोलले होते सर, म्हणून जास्त लागलं. त्या रविवारी मुलीने विचारलं, "बाबा, कसं चाललंय तुमचं नेमबाजीचं?" हे म्हणाले, "सुधारणा आहे. आता सगळ्या आपल्याच कार्डावर मारायच्या आहेत." "अरे वा," मुलगी म्हणाली.

गुरुवार आला. सदऱ्याचं वरचं बटण लावून गेले. पाच नंबरवर बाई होत्याच, नेहमीसारख्या पाठमोऱ्या. काटेसाहेबांनी मफ चढवले आणि एकेक करत सगळ्या गोळ्या आपल्याच कार्डावर मारल्या. शेवटच्या गोळीला हात थोडा थांबला. शेजारचं कार्ड तिथेच होतं, हातभर अंतरावर. मग तीही सरळ मारली. पिस्तूल रिकामं केलं, पेटीत ठेवलं, पेटीला कुलूप घातलं. मफ काढून गुंडाळून ठेवायला लागले. टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही.

कोचसर दोन्ही कार्डं घेऊन आले. एकदा मोजली, परत मोजली. मग त्यांनी चार नंबरचं कार्ड दिव्यासमोर धरलं.

काटेसाहेबांच्या कार्डावर अकरा भोकं होती. शेजारच्या कार्डावर नऊ.

कोचसरांनी पाच नंबरकडे पाहिलं. पाच नंबरवर बाई शांतपणे आपला चष्मा पुसत होत्या. "वय झालं," म्हणाल्या. "हात हलतो." इतकी वर्षं त्या हाताचा केस हललेला कुणी पाहिला नव्हता.

कोचसर पहिल्यांदाच जन्मात हळू बोलले. "टेबल," म्हणाले.

पुढे परवाना नवा करायची वेळ आली तेव्हा कारकुनाने चष्म्यावरून पाहून नियमाचा प्रश्न विचारला, "कुणाशी वाद?"

"आहे," काटेसाहेब म्हणाले. "दर गुरुवारी."

त्याने पेन उचललं आणि तसंच ठेवलं. ते कसं लिहायचं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही म्हणे.

तर अशी ही गोष्ट, पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी. फक्त एक बारीकशी गोष्ट मी आपली घातली. पाच नंबरवर दातांच्या डॉक्टरीणबाई नव्हत्या. तिथे मी होते. पहिल्याच ओळीला सांगितलं असतं की आजीच्या हातात पिस्तूल, तर तुम्ही उठून गेला असतात, म्हणून डॉक्टरीण घातली. डॉक्टरवर लोकांचा चटकन विश्वास बसतो. कवळी सैल आहे हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही, माझीही आहे. त्यामुळे त्या दातांच्या शपथेची काळजी करू नका, ते केव्हाच पडलेत. आरसा माझ्या पावडरच्या डबीतला होता. आणि ते "आँ"चं म्हणाल, तर माझ्या घरात माणसं खूप. मी काहीही बोलले की सगळे मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतात, "हो आजी." त्यात आणि "आँ"त मला तरी फार फरक वाटत नाही.

ती माझी दहावी गोळी चुकून गेली की मुद्दाम, असं विचारणार असाल तर थांबा. ते अजून टेबलावर ठरायचंय.